पिक्चर बघताना साचे कसे पकडायचे (आणि मजाही घालवायची नाही)

मागच्या वर्षी ट्रेनमध्ये माझ्या समोरच्या सीटवर एक माणूस येऊन बसला, गालापासून मानेपर्यंत भाजल्याची जुनी खूण, आणि मी काय केलं तर मांडीवरची बॅग हळूच जवळ ओढली. विचार करून वगैरे नाही, हात आपोआप गेला. पाचेक मिनिटांनी तो म्हणाला, ताई खिडकी थोडी लावता का, पोरगी झोपलीये, वारा लागतोय तिला. तेव्हा कुठे मला त्याच्या पलीकडे झोपलेली मुलगी दिसली. म्हणजे खूण लगेच दिसली आणि अख्खी मुलगी दिसली नाही!

नंतर डोकं खाजवत बसले की चेहऱ्यावर खूण असलेल्या माणसाने आजवर माझं काय वाकडं केलंय? काहीच नाही. पण पिक्चरमध्ये असे चेहरे किती बघितलेत, आणि त्यातले जवळपास सगळे एकतर खुनी, नाहीतर खुन्याचा उजवा हात. २०१८ मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने तर जाहीरच केलं की चेहऱ्यावरचे व्रण ही वाईटपणाची निशाणी म्हणून दाखवणाऱ्या फिल्मला आम्ही पैसे देणार नाही, तेव्हा हा काही माझ्या एकटीच्या डोक्यातला किडा नाही.

तेव्हापासून मी पिक्चर जरा वेगळ्या पद्धतीने बघते, त्यातले साचे (म्हणजे स्टिरिओटाइप, एका प्रकारची सगळी माणसं एकाच छापाची दाखवणं) पकडत. ती पद्धत इथे लिहून ठेवतेय, कुणाला हवी तर घ्या, सगळी एकदम करायची गरज नाही.

सुरुवात पिक्चरच्या आधी करायची, कागद घेऊन. अशा चार-पाच प्रकारच्या माणसांची नावं लिहा ज्यांना तुम्ही प्रत्यक्षात कधी भेटलेले नाही किंवा उभ्या उभ्या भेटलाय. जेलमधून सुटून आलेला माणूस, मनोरुग्ण, रशियन, अरब, नन, कर्णबधिर, काहीही. प्रत्येकापुढे पहिले सुचतील ते तीन शब्द लिहायचे, चांगले दिसायचा प्रयत्न करायचा नाही, कागद कोण बघणार आहे. मग प्रत्येक शब्दापुढे लिहा हे आलं कुठून: भेटून, वाचून, की पिक्चरमधून. माझ्या कागदावर "मनोरुग्ण" पुढे पहिलाच शब्द होता "सुरा". आलं कुठून? अर्थातच पिक्चरमधून. खरं तर मानसिक आजार असलेली माणसं हिंसा करण्यापेक्षा हिंसेला बळी पडण्याची शक्यता जास्त असते, पण ते दाखवायला रात्रीचा पाऊस आणि व्हायोलिन लागत नाही ना.

जिथे स्वतःचा अनुभव शून्य असतो तिथे पिक्चरचं फावतं, आणि हे फार जुन्या काळी मोजून झालंय. पीटरसन आणि थर्स्टोन या दोन अमेरिकन संशोधकांनी शाळेतल्या मुलांना "द बर्थ ऑफ अ नेशन" दाखवला, १९१५ चा मूकपट, ज्यात काळ्या लोकांना रानटी आणि बायकांच्या मागे लागणारे दाखवलंय आणि कू क्लक्स क्लॅनला, म्हणजे काळ्या लोकांवर हल्ले करणाऱ्या गोऱ्यांच्या संघटनेला, हिरो. मुलं अशा गावातली की तिथे काळी माणसं जवळपास नव्हतीच. पिक्चरच्या आधी आणि नंतर मुलांची मतं तपासली तर ती काळ्या लोकांच्या विरोधात बरीच सरकली होती, आणि काही महिन्यांनी परत तपासली तेव्हाही परिणाम पूर्ण ओसरला नव्हता. हे १९३३ मध्ये छापून आलंय. एक पिक्चर, एकदा बघितलेला! आपण आयुष्यभर किती बघतो त्याचा हिशोब तुम्हीच करा.

आता प्रत्यक्ष पिक्चर. मला सगळ्यात आवडणारा खेळ म्हणजे पहिली दहा मिनिटं म्यूट करून बघायची आणि कोण चांगला, कोण वाईट, कोण विनोदी, कोण लवकर मरणार ते ओळखायचं. लाज वाटावी इतकं बरोबर येतं. एकदा मी सातपैकी सहा ओळखले, आवाज न ऐकता, गोष्ट माहीत नसताना. मग मागे जाऊन बघायचं की आपण ओळखलं कशावरून. चेहऱ्यावर अर्धा अंधार, खालून लावलेला कॅमेरा, दात, टक्कल, वजन, अंगावरचे दागिने, बोटांची नखं. ओळखता आलं याचा अर्थ मी हुशार असा नाही, त्या खुणा कुणीतरी मला आधी शिकवून ठेवल्यात असा आहे, आणि तोच धडा मी ट्रेनमध्ये इमानदारीत म्हणून दाखवला.

मग उलटं करायचं, डोळे मिटून ऐकायचं. उच्चार कसे आहेत, हा माणूस आला की म्युझिक कुठलं वाजतं. रोझिना लिप्पी-ग्रीन नावाच्या भाषातज्ज्ञ बाईंनी डिस्नेच्या २४ अॅनिमेशन फिल्म्समधली पात्रं कुठल्या उच्चारात बोलतात ते मोजलं होतं, १९९७ च्या त्यांच्या पुस्तकात आहे, आणि परक्या भाषेचा हेल असलेली पात्रं वाईट असण्याचं प्रमाण बरंच जास्त निघालं. ही लहान मुलांची फिल्म आहे हां, ज्याला आपण निवांत "लाव त्याला कार्टून" म्हणतो.

हिरो-व्हिलनकडे फार लक्ष देऊ नका, साचे सापडतात ते दोन मिनिटांच्या पात्रांमध्ये. हिरोला लेखकाने दोन तास दिलेले असतात, त्याला राग येतो, लाज वाटते, आईशी भांडण असतं. पण दार उघडणारी कामवाली, टॅक्सीवाला, लठ्ठ मित्र, ऑफिसातली चष्मेवाली, यांना मिळतात वीस सेकंद, आणि वीस सेकंदात माणूस उभा करायचा तर लेखक फडताळातला तयार साचा काढतो आणि ओततो. (स्टिरिओटाइप हा शब्द मुळात छापखान्यातलाच, एकदा ओतलेल्या साच्यातून तेच पान परत परत छापायचं. वॉल्टर लिपमन या अमेरिकन पत्रकाराने १९२२ मध्ये तो डोक्यातल्या चित्रांसाठी वापरला. आपण साचा म्हणतो तेव्हा न कळत अगदी नेमकं बोलतो.) अशा पात्राला तीन प्रश्न विचारायचे. त्याला नाव आहे का, त्याला स्वतःसाठी काही हवंय का, आणि तो पडद्यावर नसतो तेव्हा कुठे असेल याची कल्पना करता येते का. तिसऱ्यात जवळपास सगळे नापास होतात.

बायकांच्या बाबतीत एक तयार चाचणी आहे, बेक्डेल टेस्ट, ॲलिसन बेक्डेल यांच्या १९८५ च्या एका कॉमिकमधून आलेली: पिक्चरमध्ये किमान दोन बायका हव्यात, त्या एकमेकींशी बोलायला हव्यात आणि पुरुष सोडून दुसऱ्या कशाबद्दल तरी बोलायला हव्यात. ऐकायला इतकी सोपी की हसू येतं आणि लावून बघितली की हसू जातं. पण लोक काय करतात, ही टेस्ट घेऊन एकेका पिक्चरला झोडपत बसतात, हा नापास, हा फालतू, हा बघू नका. तसं नाही ते. एखादा भिकार पिक्चर पास होतो आणि एखादा सुंदर नापास, ही टेस्ट वीस पिक्चरना एकदम लावायची असते. एका पिक्चरमध्ये सायंटिस्ट म्हातारा पुरुष असला तर काही बिघडत नाही, सगळीकडे तोच असला की बिघडतं. डेव्हिड चेंबर्स यांनी जवळपास पाच हजार मुलांना सायंटिस्टचं चित्र काढायला लावलं होतं, १९८३ मध्ये त्याचा रिपोर्ट आला, त्यात बाई सायंटिस्ट काढणारी मुलं फक्त २८ निघाली आणि त्या सगळ्या मुली होत्या. पांढरा कोट, चष्मा, दाढी, धुराच्या बाटल्या. आता हे सगळं पिक्चरनेच केलं असं मी म्हणणार नाही, कॉमिक्स होती, टीव्ही होता, पुस्तकं होती, पण एवढ्या पोरांनी दाढीवाला सायंटिस्ट काही शेजारी राहताना बघितला नसणार.

जोक आला की अदलाबदल करून बघायची. लठ्ठ माणूस खुर्चीत बसतो, खुर्ची मोडते, थिएटर हसतं. तिथे बारीक माणूस बसवा, जोक उरतो का? नाही उरत, म्हणजे जोक खुर्चीचा नव्हता.

आणि गोड साच्यांना तर खास पकडा, कारण त्यांच्यावर कुणी चिडत नाही. ऑटिझम असला की आकडेमोडीत जीनियस, आंधळा असला की मनाने सगळं बघणारा, व्हीलचेअरवरचा असला की हिरोला जगायला शिकवणारा संत. ऑटिझम असलेल्या बहुतेकांकडे असली कुठलीही जादू नसते, पण आईवडिलांना मात्र लोक विचारतात, मग याचं स्पेशल टॅलेंट काय? पोराला कपडे घालायला वीस मिनिटं लागतायत आणि समोरचा टॅलेंट विचारतोय.

जुना पिक्चर असेल तर चिडायच्या आधी थोडं मागचं शोधा, बऱ्याचदा साचा लेखकाच्या आळसातून नाही तर नियमातून आलेला असतो. हॉलिवूडमध्ये १९३४ पासून १९६८ पर्यंत हेज कोड (पिक्चरमध्ये काय दाखवायचं नाही याचे नियम) लागू होता, त्यात बराच काळ गोऱ्या आणि काळ्या माणसाचं प्रेम दाखवायला बंदी, समलैंगिकता उघड दाखवायला बंदी. मग ती पात्रं आडून यायची, नाजूक हातवारे करणारा व्हिलन वगैरे, आणि कोड गेला तरी व्हिलन तसाच राहिला. कलाकारावर तर अजिबात राग काढू नका. ॲना मे वाँग, चिनी वंशाची अमेरिकन स्टार, १९३७ च्या "द गुड अर्थ"मधल्या चिनी शेतकऱ्याच्या बायकोचा रोल तिला हवा होता, तो गेला गोऱ्या लुईझ रायनरला, तिला त्यावर ऑस्कर मिळालं, आणि वाँगला देऊ केला होता वाईट बाईचा रोल, जो तिने नाकारला. हॅटी मॅकडॅनियलने मोलकरणीच्या रोलसाठी १९४० मध्ये ऑस्कर घेतलं, ऑस्कर जिंकणारी पहिली काळी कलाकार, आणि त्या समारंभात तिचं टेबल बाकीच्यांपासून वेगळं मांडलेलं होतं.

आता एक चूक जी मी केली. नवीन नवीन असताना मी चालू पिक्चरमध्ये बोलायचे, हे बघ साचा, तो बघ साचा, शेवटी मैत्रीण म्हणाली, तू बाहेर जाऊन साचे मोज, मी पिक्चर बघते. बरोबर होतं तिचं. तेव्हा पिक्चर संपल्यावर बोला, आणि लहान मुलांबरोबर असाल तर एकच प्रश्न, लेक्चर नाही. "तो वाईट आहे हे तुला कधी कळलं?" बास. माझी भाची म्हणाली, आला तेव्हाच, त्याचं नाक बघ ना. मग आम्ही घरातली नाकं बघत बसलो, माझंच सगळ्यात संशयास्पद निघालं.

आणि नुसतं पकडून भागत नाही, डोक्यात जागा भरायला दुसरं काहीतरी लागतं. ज्या गटाबद्दल कागदावर सगळं "पिक्चरमधून" लिहिलंय, त्यांनी स्वतः बनवलेले तीन-चार पिक्चर शोधून बघा, एक नाही, कारण एकाने नवा साचा तयार होतो. चारांत एक चिडका निघतो, एक प्रेमळ, एक निव्वळ बोअर, आणि बोअर माणूस दिसला की समजा काम झालं. २००५ मध्ये अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी दाखवलं की गे पात्रं असलेल्या टीव्ही सीरीज बघितल्यावर विद्यार्थ्यांच्या मनातली अढी कमी झाली, म्हणजे ज्या दारातून कचरा आत येतो त्याच दारातून बाहेरही जातो.

सहा महिन्यांनी तोच कागद काढा आणि आधीचं न वाचता परत तीन शब्द लिहा. मी लिहिले. "सुरा" गेला, तिथे आता "गोळ्यांनी झोप येते" असं आलंय, तेही वाचून आणि एकीशी बोलून. भाजल्याच्या खुणेपुढे एक शब्द "बाप", भेटून. दुसरा "खिडकी". तिसरा अजून "रागीट"च आलाय, पिक्चरमधून, आणि मी तो खोडलेला नाही.