लिंगओळखीच्या कायद्यांचा देशोदेशीचा डेटाबेस कसा मांडावा

लिंगओळखीच्या कायदेशीर मान्यतेची माहिती जमवायला बसलेला माणूस बहुधा पहिल्याच दिवशी एक तक्ता आखतो: डावीकडे देशांची नावे आणि शेजारी ‘मान्यता आहे का?’ असा एकच रकाना. मीही तसाच आखला होता आणि भारताच्या ओळीपाशीच अडलो. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) निकालात आपली लिंगओळख आपणच ठरवण्याचा हक्क मान्य केला आणि त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणे बेकायदा ठरवले. २०१९ चा ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियम मूळ स्वरूपात पाहिला, तर त्यात दोन वेगळी दारे दिसतात: ‘ट्रान्सजेंडर’ म्हणून ओळख प्रमाणपत्र हवे असल्यास कलम ५ प्रमाणे जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा, आणि पुढे पुरुष किंवा स्त्री अशी नोंद हवी असल्यास कलम ७ प्रमाणे शस्त्रक्रियेनंतर वैद्यकीय प्रमाणपत्र जोडायचे. रकान्यात ‘हो’ लिहिले तर ते अर्धवट आणि ‘नाही’ लिहिले तर सरळ चूक.

म्हणून सर्वांत आधी एक ओळ म्हणजे काय, हे ठरवावे. एक ओळ म्हणजे एक देश नव्हे, तर एक कायदेशीर घटना: अधिनियम, नियम, दुरुस्ती, निकाल किंवा शासकीय आदेश. देशांचा तक्ता वेगळा ठेवावा आणि दोन्ही तक्ते देशाच्या संकेतांकाने जोडावेत. देशाचे नाव दर वेळी हाताने टंकले की ‘ब्रिटन’, ‘यूके’ आणि ‘इंग्लंड’ असे तीन देश तयार होतात, त्यामुळे आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचे दोन अक्षरी संकेतांक वापरणे बरे. त्याच्या जोडीला प्रदेश आणि दस्तऐवज असे दोन रकाने हवेत. अमेरिकेत जन्मदाखला राज्याच्या अखत्यारीत येतो आणि पासपोर्ट केंद्राच्या, त्यामुळे एकाच व्यक्तीच्या दोन कागदांना दोन वेगळे कायदे लागू होतात.

तारखेचे रकाने तीन असावेत: मंजुरी किंवा संमती, अंमल आणि समाप्ती. भारताच्या अधिनियमाला राष्ट्रपतींची संमती मिळाली ५ डिसेंबर २०१९ रोजी, तो अमलात आला १० जानेवारी २०२० पासून, आणि त्याखालचे नियम आले सप्टेंबर २०२० मध्ये. नियमांची अर्थातच स्वतंत्र ओळ. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहिली की ओळी आपोआप कालक्रमाने लागतात.

अटींसाठी वय, वैद्यकीय निदान, शस्त्रक्रिया, वंध्यीकरण आणि अविवाहित असणे असे सुटे रकाने करावेत. प्रत्येकात ‘आहे’, ‘नाही’, ‘कायद्यात उल्लेख नाही’ आणि ‘अजून तपासले नाही’ यांपैकीच एक नोंद घ्यावी. कोरा चौकोन सहा महिन्यांनी पाहणाऱ्याला ‘नाही’ असाच वाचला जातो.

सर्वांत जपून करायचे काम म्हणजे जुनी ओळ न पुसणे. जर्मनीच्या १९८० च्या कायद्यात लिंगनोंद बदलण्यासाठी शस्त्रक्रिया आणि कायमचे वंध्यत्व या अटी होत्या. तेथील संघीय घटनात्मक न्यायालयाने ११ जानेवारी २०११ च्या निकालाने त्या लागू करण्यास मनाई केली. पण संसदेने कलम बदलले नाही, त्यामुळे १ नोव्हेंबर २०२४ रोजी नवा स्वयंनिर्णय कायदा येईपर्यंत त्या अटी छापील संहितेत तशाच उभ्या होत्या. केवळ संहिता वाचून नोंद करणारा तेरा वर्षे चुकीचे लिहीत राहिला असता. यावर उपाय म्हणून ‘कोणत्या ओळीवर परिणाम’ असा रकाना ठेवून निकालाच्या ओळीत कायद्याच्या ओळीचा क्रमांक द्यावा. जपानच्या २००३ च्या कायद्यातील वंध्यीकरणाची अट सर्वोच्च न्यायालयाने २५ ऑक्टोबर २०२३ रोजी घटनाबाह्य ठरवली, तीही याच पद्धतीने मांडता येते. वाट नेहमी पुढेच जाते असे मात्र धरू नये: हंगेरीने लिंगनोंद बदलण्याची आधीपासून असलेली सोय २०२० मध्ये कायद्यानेच बंद केली.

शब्दांच्या बाबतीत घाई नको. बांगलादेश सरकारने २०१३ मध्ये मान्य केलेला ‘हिजडा’ हा वर्ग, नेपाळच्या नागरिकता प्रमाणपत्रावरचा ‘अन्य’ आणि जर्मनीने २०१८ मध्ये मुख्यतः आंतरलिंगी (जन्मतः शरीर स्त्री किंवा पुरुष या ठरावीक साच्यात न बसणाऱ्या) व्यक्तींसाठी आणलेली ‘दिव्हर्स’ ही नोंद, या तिन्हींवर ‘तृतीयपंथी’ अशी एकच चिठ्ठी लावली तर फरकच नाहीसा होतो. मूळ शब्द एका रकान्यात आणि आपले वर्गीकरण शेजारच्या रकान्यात लिहावे.

आधार म्हणून राजपत्र किंवा निकालाची प्रतच धरावी. बातमी फक्त शोधाला उपयोगी. दुवे मरतात, म्हणून पीडीएफ उतरवून ठेवावी आणि पडताळणीची तारीखही नोंदवावी.

सुरुवात भारत, जर्मनी, जपान, हंगेरी आणि नेपाळ एवढ्या पाचच देशांनी करावी. एक्सेल पुरेसे आहे. मग तक्त्याला एक प्रश्न विचारावा: १ जानेवारी २०१२ रोजी जर्मनीत लिंगनोंद बदलण्यासाठी शस्त्रक्रिया आवश्यक होती का? उत्तर ‘होती’ असे आले, तर सहावा देश भरण्याआधी निकालांच्या ओळी पुन्हा जोडून घ्याव्यात.