साखरेची बेनेडिक्ट चाचणी निळीच राहते? आधी सोडा घाला

बारावीच्या प्रॅक्टिकलला हमखास अडणारी जागा: साखरेचं द्रावण आम्लात उकळलं, बेनेडिक्ट (ग्लुकोज, फ्रुक्टोज ओळखणारं निळं द्रावण) घातलं, तापवलं, तरी रंग निळाच. साखर फुटून तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज झालेले असतात, पण नळीत उरलेलं आम्ल चाचणी बिघडवतं. बेनेडिक्टला अल्कधर्मी द्रावण लागतं.

असं करा:

१. परीक्षानळीत साखरेचं पातळ द्रावण ५ मिली घ्या. त्यात विरल हायड्रोक्लोरिक आम्ल १ मिली घालून नळी उकळत्या पाण्यात ५ मिनिटं ठेवा.

२. नळी पूर्ण थंड होऊ द्या. मग खाण्याचा सोडा अगदी चिमटीचिमटीने टाका. प्रत्येक चिमटीला फसफस होईल. ती थांबली की अजून एक चिमूट. लाल लिटमस निळा झाला म्हणजे काम झालं. घाई होते ती इथेच, आणि गरम नळीत सोडा टाकला तर सगळं उसळून हातावर येतं.

३. आता बेनेडिक्ट २ मिली घालून पुन्हा ५ मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवा. हिरवा, पिवळा, नारिंगी असं होत तळाशी विटकरी साका बसतो.

शेजारी आम्ल न घातलेल्या साखरेची एक नळी जरूर ठेवा. ती निळी राहिली तरच तुमचा निष्कर्ष पक्का. साखरेऐवजी गूळ घेऊ नका. त्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज आधीच असतात, त्यामुळे न फोडताही रंग बदलतो.