कॅनमध्ये पेट्रोल भरताना ठिणगी कशी टाळावी

फवारणी पंप, ग्रास कटर, दुकानातला जनरेटर अशा कामांसाठी कॅन घेऊन पेट्रोल पंपावर जाणारे सोलापुरात रोजचेच. तिथे कुणी मोबाईल काढला की सगळे ओरडतात. पण पिकअपच्या हौद्यात ठेवलेल्या कॅनमध्येच नोझल घातलं, तर कुणी चकार शब्द काढत नाही. माझ्या मते जास्त भीती या दुसऱ्या गोष्टीची आहे.

हवा कोरडी झाली की सूत चिकटतं, केस उभे राहतात, हे यंत्रमागावर काम करणाऱ्यांना सांगायला नको. तीच स्थिर वीज पेट्रोल वाहतानाही तयार होते. पेट्रोलची वाफ उणे 40 अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते, आणि बोटाला चटका देणारी बारीकशी ठिणगी तिला पुरते. थंडीत आणि उन्हाळ्यात आपल्याकडची हवा कोरडीठाक, म्हणून तेव्हा जास्त जपायचं.

आधी कॅन. तो लोखंडी, घट्ट झाकणाचा हवा. 1934 च्या पेट्रोलियम कायद्यात विनापरवाना 30 लिटरपर्यंत पेट्रोल ठेवण्याची मुभा आहे, पण काच, चिनीमाती किंवा धातूच्या भांड्यातच. प्लॅस्टिकचं नावही त्यात नाही. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल द्यायला पंपवाला नाही म्हणाला, तर त्याच्याशी हुज्जत घालू नका.

पंपावर पोचल्यावर कॅन गाडीतून काढून जमिनीवर ठेवा. हौद्यात प्लॅस्टिकचं अस्तर असलं की साचलेल्या विजेला जमिनीत जायला वाटच उरत नाही. सोलापूरजवळच्या पाकणीच्या तेल डेपोतून आलेला टँकर पंपावर रिकामा करतानाही आधी अर्थिंगची तार जोडतात, पाइप नंतर. तुम्ही झाकण उघडण्याआधी कॅनपासून लांबच्या एखाद्या उघड्या लोखंडाला हात लावा. पॉलिएस्टरचे कपडे घालून सीटवरून घसरत उतरला असाल तर नक्कीच.

भरताना नोझल कॅनच्या तोंडाला टेकलेलं राहू द्या आणि धार बारीक ठेवायला सांगा. काठोकाठ भरू नका, वर थोडी जागा सोडा; उन्हाने पेट्रोल फुगतं. घरी इंजिन गार झाल्यावरच ओता. नरसाळं पत्र्याचं घ्या, ते कॅन आणि टाकी दोन्हींना टेकलेलं असू द्या.

एवढं करूनही भडका उडालाच, तर नोझल ओढून बाहेर काढू नका, पेटतं पेट्रोल अंगावर उडतं. ते तिथेच सोडून लांब पळा आणि पंप बंद करायला ओरडून सांगा.