बॉयलर बदलायचाय? आधी आठवडाभर वही लिहा

खोल्या आणि नळाचं पाणी दोन्ही तापवणारा आमचा गॅसचा बॉयलर बंद पडायचा तो नेमका कडाक्याच्या थंडीत, पहाटे. खोल्या गार, नळाचं पाणी गार आणि आई दोन शाली पांघरून बसलेली. आईचं वय ७८. सकाळी गरम पाण्यात हात बुडवून ठेवल्याशिवाय तिच्या बोटांची मूठ वळत नाही. एका हिवाळ्यात मेकॅनिक तीनदा आला. आधी इग्निशनचा इलेक्ट्रोड बदलला, मग सेन्सर, मग सर्किट बोर्ड. दर वेळी आठ-दहा दिवस बरे जायचे. चौथ्यांदा बंद पडला तेव्हा आता नवाच घ्यायचा असं ठरवलं, आणि त्याच संध्याकाळी बॉयलरशेजारच्या खिळ्याला एक वही टांगली. तुम्हालाही माझं पहिलं सांगणं तेच आहे.

वहीत बंद पडल्याची वेळ लिहा, पडद्यावरचा बिघाडाचा कोड लिहा, प्रेशर गेजचा आकडा लिहा, बाहेरचं तापमान लिहा. त्या वेळी खोल्या तापत होत्या की कुणी आंघोळीला गेलं होतं, हेही लिहा. आमच्या वहीत पाचव्या दिवशीच चित्र दिसायला लागलं. थंड असताना प्रेशर १.२ बार, तापल्यावर जवळजवळ ३, आणि दुसऱ्या पहाटे ०.४. पाणी १० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापलं की साधारण पावणेदोन टक्क्यांनी फुगतं. ती वाढ सामावून घ्यायला एक्स्पान्शन व्हेसल असतं, म्हणजे रबरी पडद्याच्या एका बाजूला हवा आणि दुसऱ्या बाजूला पाणी असलेलं भांडं. ते निकामी झालं की प्रेशर चढतं, सेफ्टी व्हॉल्व उघडून पाणी बाहेर टाकतो, आणि सगळं निवलं की आत पाणीच कमी पडतं. मग बॉयलर स्वतःला कुलूप लावून घेतो.

व्हेसलला सायकलच्या ट्यूबला असतो तसा व्हॉल्व असतो. मेकॅनिकने माझ्यासमोर त्याची पिन क्षणभर दाबली. हवा यायला हवी होती, आली काळपट पाण्याची चिळकांडी. म्हणजे आतला रबरी पडदा फाटलेला. आधीचे तिन्ही भाग चांगले असताना बदलले गेले होते. तुमच्याकडे एवढंच निघालं तर बॉयलर बदलूच नका, व्हेसल बदला. आमच्याकडे हीट एक्स्चेंजरच्या, म्हणजे ज्वालेची उष्णता पाण्याला देणाऱ्या भागाच्या, सांध्यातूनही ओल येत होती, गंजाचा ओघळ खालपर्यंत उतरला होता. म्हणून बदलणं भाग होतं.

एका बाबतीत मात्र वही लिहीत बसायचं नाही. गॅसची ज्वाला निळ्याऐवजी पिवळी दिसत असेल, आजूबाजूला काजळी धरली असेल, घरातल्या सगळ्यांचं डोकं दुखून बाहेर गेल्यावर थांबत असेल, तर यंत्र बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि जाणकार माणसाला बोलवा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. त्याचा अलार्म घरात असायलाच हवा.

आता किती क्षमतेचं घ्यायचं ते. पाहायला आलेल्या एका गृहस्थांनी जुन्याची पट्टी वाचली आणि म्हणाले, "२४ किलोवॅटचा आहे ना, २४ चाच टाकू." हे मला पटेना. सर्वांत थंड दिवशी मी सकाळी सातला गॅसचं मीटर वाचलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा सातला. जळालेल्या गॅसचे युनिट निघाले १३० (युनिट म्हणजे किलोवॅट-तास). जुना बॉयलर त्यातली ८० टक्के उष्णता घरात देतो असं धरलं तर १०४. नळाच्या गरम पाण्याचे ८ वजा केले, राहिले ९६. भागिले २४ तास, म्हणजे सरासरी ४ किलोवॅट. एवढ्यावर आमचं अख्खं घर उबदार राहत होतं.

मग २४ कशाला? ते नळासाठी. वाहतं पाणी जागच्या जागी ३५ अंशांनी तापवायचं तर २४ किलोवॅटमध्ये मिनिटाला जेमतेम दहा लिटर मिळतं. म्हणजे दिवसातल्या अर्ध्या-पाऊण तासाच्या आंघोळींसाठी एवढं मोठं यंत्र, आणि उरलेला दिवस ते चालू-बंद, चालू-बंद करत झिजतं. शिवाय दोन्ही कामं एकाच यंत्राच्या गळ्यात, त्यामुळे एक भाग बिघडला की ऊबही जाते आणि पाणीही. आमच्या घराला खरा त्रास या जोडणीचा होता. म्हणून माझं ठाम मत झालं: पाण्याला टाकी हवीच, आणि त्या टाकीला स्वतःच्या वेगळ्या स्विचवरचा तापवायचा रॉड हवा.

टाकी किती मोठी, ते बादली आणि घड्याळावर ठरतं. आमच्या शॉवरखाली दहा लिटरची बादली ७५ सेकंदांत भरली, म्हणजे मिनिटाला ८ लिटर. सात मिनिटांच्या आंघोळीला ५६ लिटर, पाठोपाठ चौघांच्या चार आंघोळींना २२४. पण हे ४० अंशांचं, मिसळलेलं पाणी झालं. थंड पाणी १० अंशांचं आणि टाकी ६० वर असेल तर टाकीतलं त्यातलं १३४ लिटर लागतं, टाकी ५० वर असेल तर १६८. आम्ही २०० लिटरची घेतली. ती १० वरून ५० अंशांवर न्यायला सव्वानऊ युनिट उष्णता लागते, ३ किलोवॅटच्या रॉडला तीन तासांहून थोडं जास्त. टाकी कोमट ठेवून बचत करायला जाऊ नका. २० ते ४५ अंशांत फुप्फुसांचा आजार करणारे लिजिओनेला जिवाणू वाढतात, म्हणून ५० वर चालणारी टाकी ठरावीक दिवसांनी, आमच्याकडे आठवड्यातून एकदा, ६० वर नेतात. पण ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं. घरात म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर नळाआधी थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व (गरम पाण्यात थंड मिसळून ठरलेलं तापमान राखणारा) बसवल्याशिवाय राहू नका. आईच्या बोटांना चटका उशिरा कळतो, म्हणून मी तो सगळ्यात आधी यादीत लिहिला.

पाणी जड असेल तर टाकीत क्षार साचतात, रॉडवर पांढरा थर चढतो. इनॅमलच्या टाकीत मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉड असतो. टाकीऐवजी तो झिजतो, आणि संपला की टाकी गंजायला लागते. तो काढायला वर किंवा समोर पुरेशी जागा सोडली आहे ना, हे बसवतानाच बघा.

खोल्यांसाठी गॅसचा नवा कंडेन्सिंग बॉयलर (धुरातल्या वाफेची उष्णताही परत मिळवणारा) की हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता विजेच्या जोरावर घरात आणणारा)? याची चाचणी जुन्याच बॉयलरवर, फुकट होते. थंडीच्या दिवशी रेडिएटरला, म्हणजे खोली तापवणाऱ्या भिंतीवरच्या पत्र्याला, जाणारं पाणी ५५ अंशांवर आणून ठेवा आणि दोन दिवस राहून बघा. खोल्या उबदार राहिल्या तर हीट पंपही तुम्हाला चालेल, आणि कंडेन्सिंग बॉयलरही खऱ्या अर्थाने काटकसरीने चालेल, कारण परतीचं पाणी साधारण ५५ च्या खाली असल्याशिवाय त्यात धुरातल्या वाफेचं पाणी होऊन उष्णता परत मिळत नाही. आमच्याकडे सगळं जमलं, फक्त दोन बाहेरच्या भिंती असलेली कोपऱ्यातली खोली गार राहिली. तिथला रेडिएटर मोठा केला.

खर्चाचा हिशेब सोपा आहे. हीट पंप एका युनिट विजेत वर्षाच्या सरासरीने तीन युनिट उष्णता देतो असं धरा, नवा बॉयलर एका युनिट गॅसमधून ०.९. विजेचं युनिट गॅसच्या युनिटाच्या ३.३ पटींहून स्वस्त पडत असेल तर चालवायला हीट पंप परवडतो, महाग पडत असेल तर नाही. तुमची दोन बिलं समोर ठेवा. हीट पंपाचं बाहेरचं युनिट झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली नको, आणि पायवाटेजवळही नको. थंडीत ते स्वतःवरचं बर्फ वितळवतं, ते पाणी वाटेवर पुन्हा गोठतं.

आम्ही हीट पंप घेतला. बसवायच्या आधी रेडिएटरमधलं पाणी काचेच्या बरणीत काढलं आणि बाहेरून लोहचुंबक लावला, तर काळा गाळ चुंबकामागे सरकला. तो लोखंडाचा गंज. असा गाळ नव्या यंत्रात गेला की पंप आणि एक्स्चेंजर लवकर दगा देऊ शकतात. पाइप फ्लश करून, म्हणजे जोरात पाणी सोडून धुऊन घ्या, परतीच्या पाइपवर चुंबकी फिल्टर लावून घ्या, आणि हे दोन्ही कोटेशनमध्ये लिहून घ्या. कोटेशन देणाऱ्याकडे खोलीवार उष्णतेचा हिशेब मागा. पंखा किंवा बोर्ड गेला तर सुटा भाग किती दिवसांत मिळतो आणि बसवायला कोण येतं, तेही विचारा. ज्याने या प्रश्नाला नीट उत्तर दिलं त्यालाच आम्ही काम दिलं, त्याचं कोटेशन सर्वांत कमी नसूनही.

काम संपलं त्या दिवशी पैसे चुकते करण्याआधी मी हीट पंपाचा मेन स्विच मुद्दाम बंद करायला लावला आणि टाकीचा रॉड चालू केला. ते लोक थांबले. टाकी नुकतीच भरलेली, गार होती. तीन तासांनी मिक्सिंग व्हॉल्वच्या आधीच्या नळाखाली थर्मामीटर धरला, ४९ अंश. आईने येऊन मिक्सिंग व्हॉल्वच्या पाण्यात हात धरले, "ठीक आहे," म्हणाली, आणि मग मी सही केली.