इनटेक की रिमॅप? डायनोवर दोघांचा हिशेब वेगवेगळा कसा काढायचा

नवा इनटेक (इंजिनाला हवा पुरवणारा फिल्टर आणि पाइप) बसवला, त्याच आठवड्यात ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) रिमॅप मारला, म्हणजे त्यातलं सॉफ्टवेअर बदललं, आणि डायनोवर (चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) एकदाच गाडी चढवून कागद आणला, तर त्या कागदाला माझ्या लेखी किंमत नाही. आकडा वाढलेला दिसतो, पण तो कशानं वाढला ते त्यावर लिहिलेलं नसतं. कुपवाड एमआयडीसीतल्या माझ्या गॅरेजात टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) असलेल्या पेट्रोल गाड्या येतात. मालक आधी विचारतो, ‘अण्णा, किती वाढंल?’ मी म्हणतो, ‘आधी आत्ता किती आहे ते बघू या.’ पुढचं सगळं त्या ‘आत्ता किती’ वर उभं आहे.

उदाहरणाला स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २३० घेतो. आमच्याकडं ती तासगावच्या एका द्राक्ष बागायतदारांची येते, त्यामुळं हात बसलाय. दोन लिटर टर्बो, ओल्या क्लचचा (तेलात फिरणाऱ्या) सहा गिअरचा डीएसजी (आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स), पुढच्या चाकांना ताकद. कंपनीचा आकडा २३० पीएस (ताकदीचं एकक), ४७०० ते ६२०० आरपीएमवर (इंजिनाचे मिनिटाला फेरे); टॉर्क (फिरवण्याचा जोर) ३५० न्यूटन मीटर, १५०० ते ४६०० वर. एक छोटं गणित पाठ करून ठेवा: टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ७०२३, की पीएस मिळतात. ३५० गुणिले ४६०० भागिले ७०२३ म्हणजे २२९. कंपनीचा कागद स्वतःशी जुळतो. डायनोच्या कागदावरचा कोणताही एक बिंदू घेऊन असंच करून बघा. जुळत नसेल तर यंत्राला आरपीएम नीट मिळत नाही, किंवा टॉर्क चाकावरचा आणि ताकद इंजिनची अशी सरमिसळ झाली आहे. ते दुरुस्त झाल्याशिवाय पुढचा पुल (डायनोवर पेडल पूर्ण दाबून घेतलेली एक मोजणी) घेऊ देऊ नका.

डायनोसाठी आम्ही पुण्याला जातो. निघण्याआधी इथंच गाडी तंदुरुस्त करून घ्यायची. प्लग, ऑइल, कूलंट बघा आणि इनटेकपासून इंटरकूलरपर्यंत (टर्बोनं तापवलेली हवा गार करणारी जाळी) सगळ्या होजना (रबरी पाइपांना) धूर सोडून गळती तपासा. सैल क्लिपमधून बूस्ट (टर्बोनं दिलेला हवेचा दाब) जात असेल तर नवा पाइप बसवताना ती क्लिप आपोआप आवळली जाते आणि श्रेय पाइपला मिळतं. एअर फिल्टर कंपनीचाच, पण नवा कोरा घाला. धुळीनं माखलेल्या जुन्या फिल्टरशी नव्या इनटेकची तुलना करणं ही सरळ फसवणूक आहे, आणि ती सर्रास चालते.

पेट्रोल रोजच्या पंपावरचंच भरा. पुण्यात १०० ऑक्टेनचं एक्सपी १०० मिळतं म्हणून ते टाकून ट्यून करायचं आणि सांगलीत येऊन साधं भरायचं, हे इंजिनाच्या जिवाशी खेळणं आहे. जे पेट्रोल बारा महिने भरणार, त्यावरच टेस्ट. सुरुवात ते शेवट एकाच टाकीत झाली तर उत्तम.

आता डायनोवर. तुलना करायची ती चाकावरच्या ताकदीची. इंजिनची ताकद म्हणून जो मोठा आकडा छापतात तो गिअरबॉक्स आणि टायरचा तोटा अंदाजानं मिळवून काढलेला असतो. त्याहून मोठा गोंधळ करेक्शनचा, म्हणजे हवामान धरून मोजलेला आकडा गुणकानं बदलण्याचा. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर वर, त्यामुळं हवेचा दाब ९४ ते ९५ किलोपास्कलच्या आसपास. त्यात उन्हाळ्याचे ३५ अंश आणि थोडी आर्द्रता धरून एसएई जे १३४९ या मानकाचं सूत्र लावलं की गुणक १.१० च्या जवळ येतो. म्हणजे चाकावर २०० मोजले तर कागदावर २२०! विनाटर्बो इंजिनाला ही भरपाई रास्त आहे, कारण पातळ हवेत त्याची ताकद खरंच पडते. टर्बो गाडीत ईसीयू ठरलेला दाब गाठायला टर्बोला जास्त पळवतो आणि बराचसा तोटा स्वतःच भरून काढतो. त्यावर पुन्हा १० टक्के चढवले की ते फक्त कागदावरचे. म्हणून करेक्शनशिवायचा आकडा मागा. शेजारी त्या वेळचं तापमान, दाब आणि आर्द्रता लिहून घ्या.

गाडी बांधताना पट्ट्यांचा ताण आणि टायरमधली हवा सगळ्या पुलना सारखी हवी. पट्टा जास्त आवळला की टायर रोलरवर जास्त दबतो आणि चाकावरची ताकद कमी दिसते. गिअर मॅन्युअल मोडमध्ये चौथा, आणि शेवटपर्यंत तोच. पेडल दाबताना तळाशी जो खटका लागतो तिथं थांबा. खटक्यापलीकडं गेलं की डीएसजी गिअर खाली टाकतो आणि पुल वाया जातो. मागची चाकं उभी आणि पुढची फिरती बघून ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) ताकद कापतं, तेव्हा ते बंद करून घ्या आणि लॉगमध्ये (ईसीयूतून उतरवलेल्या नोंदींत) थ्रॉटल (हवेची झडप) पूर्ण उघडा राहतोय का ते बघा.

बॉनेट बंद ठेवा. यावर मी कुणाचं ऐकत नाही. डायनोवाले सवयीनं बॉनेट उघडून समोर मोठा पंखा लावतात. उघड्या कोनच्या (डब्याशिवायच्या शंकूच्या आकाराच्या) फिल्टरला मग बाहेरची गार हवा मिळते आणि आकडा छान येतो. रस्त्यावर बॉनेट बंद असतं आणि तोच कोन टर्बोच्या शेजारची तापलेली हवा ओढतो. हवा १० अंशांनी तापली की तिची घनता साधारण ३ टक्क्यांनी घटते. इंटरकूलर त्यातली काही उष्णता काढतो, सगळी नाही. मे महिन्यात सांगलीत पारा ४० ला टेकतो, तेव्हा इस्लामपूरच्या सिग्नलवर पाच मिनिटं उभ्या राहिलेल्या गाडीच्या बॉनेटखाली काय होत असेल, विचार करा. कंपनीचा बंद एअर बॉक्स पुढच्या ग्रिलमागून हवा घेतो, ती सोय फुकटात घालवू नका. इनटेक घ्यायचाच तर बंद डब्याचा घ्या. पंख्याचा झोत इंटरकूलरवर धरा.

मूळ अवस्थेत तीन पुल घ्या. पहिला टायर आणि ऑइल गरम करण्यापुरता, तो मोजायचा नाही. पुढच्या दोनांत जो फरक पडतो तो त्या दिवशीच्या मोजमापाचा स्वतःचा हेलकावा. १ ते २ टक्के इकडं तिकडं होतंच, म्हणजे २०० वर २ ते ४. इनटेकनं ३ वाढले असं कुणी सांगितलं तर ते या हेलकाव्यातच बुडालेत. दोन पुलांमध्ये थांबायचा वेळ घड्याळ लावून सारखा ठेवा आणि पुल सुरू करताना इनटेकमधल्या हवेचं तापमान दोन-तीन अंशांच्या आत जुळल्याशिवाय पेडल दाबू नका.

मग फक्त इनटेक बदला, सॉफ्टवेअर मूळचंच. पुन्हा तेवढेच पुल. त्यानंतर इनटेक काढून कंपनीचा एअर बॉक्स परत बसवा आणि पुन्हा पुल घ्या. इथं लोक कंटाळतात, डायनोचं भाडं तासावर असतं हेही खरं. पण गाडी दिवसभरात तापत जाते, दुपारी हवा बदलते. परत मूळ अवस्थेत येऊन सकाळचाच आकडा मिळाला, तरच मधला फरक इनटेकचा.

मूळ सॉफ्टवेअरवर इनटेकनं बहुतेक वेळा काहीच वाढत नाही. त्यात निराश होण्यासारखं काही नाही. ईसीयू ठरावीक टॉर्क मागतो. वाट मोकळी झाली तर तो वेस्टगेट (टर्बोला वळसा देऊन धूर सोडणारी झडप) थोडा जास्त उघडून तेवढाच टॉर्क देतो. ताकद तीच राहते, टर्बोचे कष्ट कमी होतात. हे बघायचं तर आकडा सोडून लॉगमधली वेस्टगेटची स्थिती बघा.

फिल्टर किती अडवतो हे मोजायची स्वस्त युक्ती सांगतो. सहा मिलिमीटरची पारदर्शक नळी घ्या, लाकडी पट्टीवर यू आकारात बांधा, निम्म्यापर्यंत रंगीत पाणी भरा. एक टोक उघडं, दुसरं फिल्टरच्या पुढं आणि टर्बोच्या आधी पाइपला जोडा. पुलमध्ये दोन्ही बाजूंच्या पाण्यात १० सेंटिमीटरचा फरक पडला की साधारण १ किलोपास्कल. नळी चांगली उंच घ्या आणि मध्ये एक रिकामी बंद बाटली जोडा, नाहीतर ते पाणी इंजिनात जाईल. समजा कंपनीच्या बॉक्सवर ३० सेंटिमीटर आले, म्हणजे ३ किलोपास्कल. सांगलीत बाहेर ९५ असतील तर टर्बोच्या तोंडाशी ९२. टर्बोच्या पुढं एकूण २१० किलोपास्कल दाब हवा असेल तर टर्बोला २.२१ पट ऐवजी २.२८ पट दाबावं लागतं. इनटेककडून मिळण्यासारखं जे काही आहे ते एवढ्यातच. हाच नवा फिल्टर घातलेला मूळ बॉक्स ८-१० सेंटिमीटरवर थांबला, तर इनटेकचे पैसे खिशातच ठेवा.

आता रिमॅप, आणि तो आधी मूळ एअर बॉक्सवर. नंतर रिमॅप आणि इनटेक दोन्ही. अशा चार अवस्था झाल्या की कोणी किती दिलं ते स्वच्छ दिसतं. टर्बो गाडीत मोठा वाटा रिमॅपचाच असतो. इनटेकचा हात दिसला तर तो इथं, वरच्या आरपीएमला, जिथं हवा जास्त वाहते. आलेख एकावर एक ठेवून ३००० ते ६००० चा पूर्ण पट्टा बघा. टोकाला ५ जास्त पण ३००० ला टॉर्क उशिरा येत असेल, तर खंबाटकी चढताना ती गाडी आधीपेक्षा आळशी वाटेल.

रिमॅपनंतर मी आकड्याआधी लॉग वाचतो. मागितलेला आणि मिळालेला बूस्ट, लॅम्डा (हवा आणि पेट्रोलचं प्रमाण), इंधनाच्या रेलचा (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीचा) दाब आणि प्रत्येक सिलिंडरचं इग्निशन (ठिणगीची वेळ) किती मागं ओढलं जातंय ते. एखाद्या सिलिंडरला एक-दोन अंश मागं घेतलं तर चालतं. चारही सिलिंडर चार-पाच अंश मागं जात असतील तर इंजिन नॉक करतंय (पेट्रोल वेळेआधी आपोआप पेटतंय), ट्यून त्या पेट्रोलला झेपत नाही. डायनोचा आकडा कितीही देखणा असो, तो मॅप उतरवा. रेलचा दाब वरच्या आरपीएमला ढासळत असेल तर पंप अपुरा पडतोय, तिथंही थांबायचं. गिअरबॉक्सही विसरू नका. या डीएसजीची क्षमता गाडीच्या मूळ ३५० च्याच आसपास आहे, त्यामुळं टॉर्क वाढवला की गिअरबॉक्सचाही मॅप लागतो. ट्यूनरला टॉर्क खालच्या आरपीएमला एकदम न चढवता हळू चढवायला सांगा.

एक गोष्ट आपल्या भागाची. इथली मंडळी रविवारी वाईहून पसरणी घाटानं पाचगणी, महाबळेश्वरला जातात. महाबळेश्वर १३५० मीटरच्या वर, तिथं हवेचा दाब ८६ किलोपास्कलच्या आसपास. तेच २१० गाठायला टर्बोला २.४४ पट दाबावं लागतं. पुण्यात टर्बोला शेवटच्या टोकापर्यंत ताणून काढलेला मॅप वर गेल्यावर टर्बोला मर्यादेबाहेर पळवतो. ‘मी घाट चढतो’ हे ट्यूनरला आधीच सांगा आणि बूस्टमध्ये जागा राखून घ्या.

दुसरी गोष्ट धुळीची. ऊसतोड सुरू झाली की पलूस, वाळवा भागात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागं धुळीचा पडदाच असतो. ऑइल लावायचा कापडी फिल्टर इथं फार जपावा लागतो: ऑइल कमी पडलं तर बारीक धूळ आत, जास्त झालं तर एअर फ्लो सेन्सर असलेल्या गाडीत तो चिकट होतो. रोजच्या वापराच्या गाडीला मी कागदी फिल्टरच घालतो आणि हंगामात लवकर बदलतो. त्यात एखादा पीएस जात असेल तर जाऊ दे.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर नोंदलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करता येत नाही. वॉरंटी आणि विमा दोन्ही अडचणीत येऊ शकतात. विमा कंपनीला विचारून मगच हात घाला.

मूळ सॉफ्टवेअरची फाइल ट्यूनरकडून घेऊन स्वतःकडं जपा, आणि चारही अवस्थांचे लॉग त्याच फोल्डरमध्ये ठेवा. कंपनीचा एअर बॉक्स त्याच्या स्क्रूंसकट पोत्यात बांधून माळ्यावर ठेवा. मे महिन्यात, भर दुपारी, त्याच पेट्रोलवर मोकळ्या रस्त्यावर पुन्हा एक लॉग घ्या आणि इग्निशन किती मागं जातंय ते डायनोच्या लॉगशी ताडून बघा. फरक मोठा असेल तर ट्यूनरला तो लॉग पाठवा आणि मॅप उतरवायला सांगा.