जर्मनीत आल्यावर: व्हिसा संपण्याआधी रेसिडेन्स परमिटचा अर्ज कसा करावा

"टर्मिन मिळाली आहे ना, मग काळजी करू नकोस." जर्मनीत नव्याने आलेल्या माणसाला मिळणारा हा सर्वांत घातक सल्ला आहे. टर्मिन म्हणजे सरकारी कार्यालयातली भेटीची वेळ. मला हा सल्ला 2016 साली मिळाला, मी तो ऐकला आणि त्यापायी तीन आठवड्यांचा पगार घालवला. तेव्हापासून ओळखीतल्या कितीतरी जणांचे अर्ज मी शेजारी बसून भरून घेतले आहेत. तरीही दर दुसरा माणूस हेच वाक्य घेऊन येतो, म्हणून एकदा सविस्तर लिहिते आहे.

पासपोर्ट, नोकरीचा करार, पदवीची कागदपत्रं हे सगळं तुमच्याकडे आहे असं धरून चालते.

स्टिकरवरचं कलम वाचा

तीन महिन्यांपेक्षा जास्त राहायचं असेल तर डी व्हिसा लागतो. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा, सी व्हिसा कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवस फिरण्यासाठी असतो. "आधी सी वर जा, तिकडे गेल्यावर बदलून घेऊ" असं सांगणारा एजंट भेटला तर तिथून उठा. सी व्हिसावर असताना परमिटचा अर्ज केला तरी व्हिसाची मुदत आपोआप पुढे चालत नाही. डी व्हिसाला मिळणारं संरक्षण कायद्याने सी व्हिसाला दिलेलंच नाही.

पासपोर्ट हातात आला की त्यातल्या व्हिसाच्या स्टिकरचा खालचा भाग वाचा. तिथे जर्मन निवास कायद्याचं कलम लिहिलेलं असतं: ब्लू कार्डसाठी (उच्चशिक्षितांना चांगल्या पगाराच्या नोकरीवर मिळणारा परवाना) 18जी, पदवीधरांच्या इतर नोकऱ्यांसाठी 18बी, शिक्षणासाठी 16बी, नवरा किंवा बायको म्हणून येणाऱ्यासाठी 30. काम करायची परवानगी आहे का, कोणत्या कंपनीत, हेही तिथेच असतं. कंपनीचं नाव किंवा कलम चुकलं असेल तर विमानात बसण्याआधी दुरुस्त करून घ्या. जर्मनीत आल्यावर तीच चूक निस्तरायला महिने जातात.

कलम इतकं महत्त्वाचं का, तर पुढचे सगळे हक्क त्यावर ठरतात. ब्लू कार्ड असेल तर जोडीदाराला व्हिसासाठी जर्मन भाषेची ए1 (अगदी प्राथमिक) परीक्षा द्यावी लागत नाही. कायमस्वरूपी परवाना 27 महिन्यांनी मागता येतो, जर्मन बी1 (मध्यम) पातळीचं असेल तर 21 महिन्यांनी. ब्लू कार्ड मिळायला पगार ठरावीक मर्यादेच्या वर लागतो. 2025 साठी ती मर्यादा वर्षाला 48,300 युरो होती, आणि मनुष्यबळाची टंचाई असलेल्या व्यवसायांना व नव्या पदवीधरांना 43,759.80 युरो. हा आकडा दर जानेवारीत बदलतो. मित्राने दोन वर्षांपूर्वी सांगितलेल्या आकड्यावर पगाराची बोलणी करू नका.

नावांचा घोळ भारतातच मिटवा

आपल्याकडे हा घोळ जरा जास्तच होतो. मुलगी लग्नाआधी वडिलांचं नाव लावते, लग्नानंतर नवऱ्याचं नाव मधे येतं, आडनाव बदलतं, कधी पहिलं नावही बदलतं. पासपोर्टवर एक नाव, पदवीवर दुसरं, आणि विवाह नोंदणीच्या दाखल्यावर तिसरं. महाराष्ट्रात कोणीही कारकून हे समजून घेतो. जर्मन अधिकाऱ्यासाठी मात्र त्या तीन वेगळ्या बायका असतात. राजपत्रातली नावबदलाची नोंद, तिचं जर्मन भाषांतर आणि जुना पासपोर्ट सोबत ठेवा. माझं ठाम मत विचाराल तर निघण्याच्या धामधुमीत नाव बदलूच नका. परमिट हातात पडू द्या, मग काय ते ठरवा.

पत्त्याची नोंदणी

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात जाऊन आनमेल्डुंग करा. घरमालकाची सही असलेलं पत्र लागतं, भाडेकरार पुरत नाही. ते पत्र द्यायला नकार देणाऱ्या मालकाची खोली घेऊ नका.

खरी अडचण इथे आहे: तारीख, अर्ज आणि फिक्शन

डी व्हिसा काही महिन्यांचाच असतो. तो संपण्याआधी शहराच्या परदेशी नागरिक कार्यालयात, म्हणजे आउसलेंडरबेहोर्डेमध्ये, परमिटचा अर्ज करायचा असतो. मोठ्या शहरांत या कार्यालयांवर कामाचा इतका ताण आहे की टर्मिन महिनोन् महिने मिळत नाही. मी 2016 च्या ऑगस्टमध्ये आले, माझा व्हिसा नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत होता आणि टर्मिन मिळाली डिसेंबरची. कंपनीने नेमलेल्या सल्लागाराने सांगितलं, टर्मिनची ईमेल जपून ठेवा, तेवढं पुरतं. व्हिसा संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी एचआरने मला बोलावून सांगितलं की उद्यापासून येऊ नका. त्यांचं चुकलं नव्हतं. वैध परवाना नसलेल्या माणसाला कामावर ठेवायला कायद्याने बंदी आहे.

मग एका सहकाऱ्याने कायद्याचं कलम 81 माझ्यासमोर ठेवलं आणि शब्द न् शब्द समजावून सांगितला. परिच्छेद 4 म्हणतो: आधीचा परवाना संपण्यापूर्वी तुम्ही मुदतवाढीचा किंवा नव्या परवान्याचा अर्ज केला असेल, तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू आहे असं मानलं जातं. जुन्या परवान्यात काम करण्याची मुभा असेल तर तीही चालू राहते. "चालू आहे असं मानणं" यालाच जर्मनमध्ये फिक्शन म्हणतात, आणि त्याच्या दाखल्यालाही इथले भारतीय नुसतं फिक्शनच म्हणतात.

या वाक्यातला सगळा भार "अर्ज केला असेल" यावर आहे. टर्मिन घेणं म्हणजे अर्ज करणं नव्हे. टर्मिन ही अधिकाऱ्याला भेटायची वेळ आहे, आणि अर्ज म्हणजे मला अमुक परवाना हवा आहे असं तुम्ही लेखी कळवणं. काही शहरं टर्मिनच्या ऑनलाइन नोंदणीलाच अर्ज मानतात, पण ते त्या पोहोचेवर स्पष्ट लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर तसं गृहीत धरू नका. मी अर्ज केलाच नव्हता, त्यामुळे माझ्या बाबतीत फिक्शन लागू झालंच नाही. उशिरा अर्ज करणाऱ्याला अधिकारी विशेष बाब म्हणून सवलत देऊ शकतो, तशी ती मला मिळाली. पण ते सगळं अधिकाऱ्याच्या मर्जीवर होतं आणि त्या तीन आठवड्यांत मला धड झोप लागली नाही. तुमच्यावर ती वेळ येऊ नये.

म्हणून व्हिसा संपायच्या आठ आठवडे आधी बसा आणि हे करा. शहराच्या संकेतस्थळावर ऑनलाइन अर्ज असेल तर तो शेवटच्या पानापर्यंत भरा आणि पोहोचेची पीडीएफ साठवून ठेवा. मसुदा जतन करणं म्हणजे अर्ज पाठवणं नव्हे. या एका गोष्टीवर मी दोन जणांना रडताना पाहिलं आहे. ऑनलाइन सोय नसेल तर साधं पत्र लिहा. पहिल्या अर्जासाठी ठरावीक नमुना हवाच असं नाही, फॉर्म नंतर भरून देता येतो. पत्र जर्मनमध्ये आणि छोटं असू द्या: पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, पत्ता, व्हिसा संपण्याची तारीख, आणि मग दोन वाक्यं. पहिलं, मी अमुक कलमाखाली निवास परवान्यासाठी अर्ज करत आहे. दुसरं, कलम 81 परिच्छेद 5 नुसार मला अर्जाचा दाखला द्यावा. सोबत पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत, करार, पगाराच्या स्लिपा, आरोग्य विम्याचं पत्र आणि आनमेल्डुंगची प्रत जोडा.

हे पत्र ईमेलने पाठवा आणि रजिस्टर्ड पोस्टानेही पाठवा. दोन्ही करा. ईमेल स्पॅममध्ये गेली, पत्ता बदलला, पेटी भरली होती, ही सगळी उत्तरं मी ऐकली आहेत. पोस्टाच्या पावतीपुढे मात्र कुणाचं काही चालत नाही. एखादा कागद कमी असला तरी थांबू नका. राहिलेला कागद मागाहून देता येतो, तारीख मात्र परत आणता येत नाही.

यातली आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. फिक्शनचा हक्क वेळेत केलेल्या अर्जाने मिळतो, दाखला हा त्याचा केवळ पुरावा आहे. म्हणून दाखला हाती नाही, पण अर्ज वेळेत पोहोचला आहे, तर घाबरू नका. एचआरला पोहोच आणि कलम 81 परिच्छेद 4 दाखवा. बहुतेक कंपन्या तेवढ्यावर ऐकतात. ऐकलं नाही तर दाखल्यासाठी कार्यालयाकडे लेखी तगादा लावा. तीन महिने उलटूनही निर्णय नसेल तर प्रशासकीय न्यायालयात दिरंगाईचा दावा करता येतो, आणि अनेकदा वकिलाच्या एका पत्रानेच फाइल हलते.

या काळात शहर बदलू नका. पत्ता बदलला की फाइल नव्या शहरात जाते, आणि त्या प्रवासात ती किती आठवडे पडून राहील याला धरबंध नसतो.

कुटुंबात प्रत्येकाचा अर्ज वेगळा करावा लागतो, नवऱ्याच्या अर्जात बायको आणि मुलं आपोआप येत नाहीत. इथे बाळ जन्मलं तर त्याचा अर्ज जन्मापासून सहा महिन्यांच्या आत करायचा असतो. त्याआधी भारतीय दूतावासातून किंवा वाणिज्य दूतावासातून बाळाचा पासपोर्ट काढावा लागतो, म्हणून बाळंतपणाची सुट्टी सुरू होतानाच त्या कागदांची यादी करून ठेवा.

गणपतीला घरी जायचं असेल तर

फिक्शनवर भारतात जाऊन परत येता येतं का, हा प्रश्न मला दर वर्षी जुलैमध्ये विचारला जातो. दाखल्यावर चौकटी असतात आणि त्यांपैकी एकीवर फुली असते. कलम 81 च्या परिच्छेद 4 वर फुली असेल तर दाखला, जुना व्हिसा आणि पासपोर्ट एकत्र दाखवून जर्मनीत परत येता येतं. परिच्छेद 3 वर असेल तर येता येत नाही. देशाबाहेर पडलात की पुन्हा नव्याने व्हिसा काढावा लागेल. डी व्हिसावर वेळेत अर्ज केलेल्या माणसाची फुली 4 वर असायला हवी. अधिकाऱ्याने चुकून दुसरीकडे केली असेल तर टेबलावरून उठण्याआधीच बोला.

दाखल्याचीही स्वतःची मुदत असते. त्या तारखेच्या किमान आठवडाभर आधी परतीचं विमान हवं. आणि विमान थेट घ्या. मुंबईहून फ्रँकफर्ट आणि म्युनिकला थेट विमानं आहेत. तिकीट स्वस्त पडतं म्हणून दोन देशांतून फिरत येऊ नका. तुमचा दाखला ओळखणारा माणूस जर्मन सीमेवर असतो, मधल्या विमानतळावर तो असेलच असं नाही. मुंबईच्या काउंटरवर मला एकदा तासभर थांबवलं होतं. तिथल्या मुलीने तो घडीचा कागद आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला होता आणि व्हिसावरची तारीख तर संपलेली. मी कलमाची इंग्रजी प्रत सोबत नेली होती, म्हणून तिच्या वरिष्ठांना फोनवर वाचून दाखवता आलं. तुम्हीही ती छापून न्या आणि चार तास आधी पोहोचा.

दाखलाच नसेल, नुसती अर्जाची पोहोच असेल, तर जाऊ नका. गौरी-गणपती, भावाचं लग्न, काहीही असो. हे सांगताना मला वाईट वाटतं, पण परतीच्या विमानात बसू न शकलेल्या माणसाला पुन्हा सगळा व्हिसा नव्याने काढावा लागतो, आणि तोवर नोकरी थांबेलच असं नाही.

कार्ड आल्यावर

बोटांचे ठसे दिल्यावर चार-सहा आठवड्यांत कार्ड येतं. शुल्क साधारण 100 युरो. कार्डावरचं कलम, मुदत आणि सोबतचा अटींचा कागद तिथेच तपासा. परमिट पासपोर्टच्या मुदतीपलीकडे देत नाहीत, त्यामुळे पासपोर्टची दोनच वर्षं उरली असतील तर तो आधी नवा करून घ्या. ब्लू कार्डवर पहिल्या 12 महिन्यांत नोकरी बदलली तर कार्यालयाला कळवावं लागतं.

शेवटची एक अट आई-वडिलांच्या आजारपणात हमखास विसरली जाते. सलग सहा महिन्यांहून जास्त काळ जर्मनीबाहेर राहिलात तर परमिट आपोआप रद्द होतं. ब्लू कार्डला ही मर्यादा 12 महिने आहे. त्याहून जास्त राहावं लागेल असं दिसत असेल तर कार्यालयाकडून मुदत लेखी वाढवून घ्या, शक्यतो निघण्याआधीच. अर्जासोबत डॉक्टरांचं पत्र जोडा आणि परतण्याची अंदाजे तारीख लिहा. नुसतं "आईची तब्येत बरी नाही" लिहिलेल्या अर्जाला उत्तर म्हणून प्रश्न येतात. तारीख आणि कागद असले की परवानगी मिळालेली मी पाहिली आहे.