चिनी औषधं आणि कॅन्सर: या संशोधनात येणाऱ्यांसाठी

या विषयात पीएचडी करतेय म्हटलं की काहींना वाटतं मी झाडपाल्याचा प्रचार करते, तर काहींना मावशीसाठी काढा हवा असतो. काढा मी कुणालाच देत नाही. केमो चालू असताना काय घ्यायचं ते ऑन्कॉलॉजिस्टलाच विचारा.

नव्यांनी आधी चीनमधल्या हार्बिन शहराचं प्रकरण नीट वाचावं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथले डॉक्टर झांग तिंगदोंग यांच्या गटाकडे एक गावठी औषध आलं: सोमल, पाऱ्याचा क्षार आणि भेकाचं विष. 'परंपरा जिंकली' म्हणणारे इथंच थांबतात. झांग यांनी मात्र घटक वेगळे करून पाहिले. गुण सोमलाचा, म्हणजे आर्सेनिकचा निघाला, आणि तोही मुख्यतः एपीएल या एकाच प्रकारच्या ल्युकेमियावर, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरवर. १९८०च्या दशकात शांघायला वांग झेनयी यांनी त्याच आजारावर अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं एट्रा वापरलं. या आजारात दोन जनुकं जुळून एक विचित्र प्रथिन तयार होतं. एट्रा त्याचा एक भाग पकडतं, आर्सेनिक दुसरा, आणि प्रथिनाचा निकाल लागतो. २००० साली अमेरिकेत आर्सेनिकला मान्यता मिळाली. २०१३ मध्ये छापून आलेल्या चाचणीत, फार जोखीम नसलेल्या रुग्णांत एट्रा-आर्सेनिकची जोडी एट्रा-केमोच्या उपचाराच्या तोडीस तोड ठरली.

एवढं स्वच्छ यश मात्र विरळाच.

उलट बाजू बेल्जियमची. १९९०च्या दशकात तिथं वजन घटवायच्या गोळ्यांत एका चिनी मुळीऐवजी अरिस्टोलोकिया गेली. अनेक बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली, पुढे काहींना मूत्रमार्गाचा कॅन्सरही झाला. म्हणून वनस्पतिशास्त्राला नाक मुरडू नका.

आमच्याकडे नव्या मुलांना एमटीटी चाचणीची एक गंमत दाखवतात. (या चाचणीत जिवंत पेशी पिवळ्या एमटीटीला जांभळं करतात, त्यावरून किती पेशी जगल्या ते कळतं.) प्लेटमध्ये एकही पेशी न घालता नुसता अर्क आणि पिवळा एमटीटी टाकायचा. काही अर्कांत तरीही जांभळा रंग चढतो, कारण अर्कातली पॉलिफेनॉल्स ही वनस्पतीतली रसायनंच पेशींचं ते काम करतात. पेशीविरहित कंट्रोल, म्हणजे असा बिनपेशींचा तुलनेचा नमुना, नसेल तर आलेखावर विश्वास ठेवू नका, मग पेपर कितीही मोठ्या जर्नलातला असो.

आणि हो, आपल्या नंदुरबारचे मनसुख वाणी! अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ मनरो वॉल यांच्यासोबत त्यांनी चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे कॅन्सरविरोधी रसायन वेगळं केलं. १९६६चा तो पेपर वाचाच. हेच रसायन सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातही असतं, आणि त्यापायी त्याची बेसुमार तोड झाली.

गाईडला भेटाल तेव्हा विचारा: वनस्पतीची ओळख कोण पटवतं, नमुना हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) ठेवलाय का, प्रत्येक बॅचचं एचपीएलसी (घटक वेगळे करून मोजणारी तपासणी) होतं का? टोलवाटोलवी झाली तर सरळ दुसरी लॅब बघा.